बंद रेल्वेमार्गावर सायकल, सायकलीमागे रोजी
फ्रान्सच्या खेड्यांतील ‘हिरव्या वाटा’ आणि लहान दुकानदार

धंदा करणाऱ्याला रस्त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दुकान चालते रस्त्यामुळे आणि बसते तेही रस्त्यामुळेच. गावाला बगल देऊन नवा हमरस्ता गेला की जुन्या रस्त्यावरचे चहावाले, पंक्चरवाले, फळवाले आणि लॉजवाले दोन-चार वर्षांत कसे हवालदिल होतात, हे आपल्या व्यापारी बंधूंनी पुष्कळदा पाहिले आहे. फ्रान्सच्या ग्रामीण भागावर असाच प्रसंग छोट्या रेल्वे बंद पडल्यामुळे आला होता. स्टेशने ओस पडली, रुळांवर झुडपे वाढली आणि गावातली दुकाने एकेक करून मिटू लागली. पुढे त्याच रुळांच्या जागेवर सायकलींसाठी वाटा झाल्या आणि त्यांतल्या काही गावांना पुन्हा गिऱ्हाईक दिसू लागले.

आज आम्ही या वाटांची माहिती देत आहोत. सहलीची हौस हा तिचा उद्देश नाही. मोटारीला बंदी असलेली वाट एखाद्या लहान गावाला रोजी कशी देते, कोणाला देते आणि कोणाला देत नाही, हा हिशेब व्यापारी आणि कारागिरांनी समजून घेण्यासारखा आहे.

हिरवी वाट म्हणजे काय?

फ्रेंच भाषेत या वाटेला ‘व्वा व्हेर्त’ म्हणतात. शब्दशः अर्थ हिरवी वाट. २००४ साली फ्रान्स सरकारने हुकूम काढून वाहतुकीच्या कायद्यात तिची व्याख्या घातली. जी वाट फक्त इंजिन नसलेल्या वाहनांसाठी, पायी चालणाऱ्यांसाठी आणि घोडेस्वारांसाठी राखून ठेवली आहे, ती हिरवी वाट. मोटार नाही, ट्रक नाही, मोटारसायकल नाही. बॅटरीची मदत घेणारी पण पायडल मारावेच लागणारी सायकल चालते; तिची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद झाली पाहिजे असा युरोपचा नियम आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ‘व्हेलोरूत’ असा आणखी एक शब्द फ्रान्समध्ये चालतो. तो लांब पल्ल्याच्या सायकलमार्गासाठी आहे. असा मार्ग काही ठिकाणी हिरव्या वाटेवरून जातो, तर काही ठिकाणी कमी रहदारीच्या साध्या डांबरी रस्त्यावरून. ल्वार नदीच्या काठाने जाणारा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्ग या दुसऱ्या प्रकारचा आहे. तेव्हा मुलाबाळांसह जाणारा माणूस नकाशा पाहताना आधी विचारतो, ‘यातली हिरवी वाट किती?’ मोटारीची भीती नसणे हाच या मालाचा खरा गुण आहे आणि गिऱ्हाईक येते ते त्यासाठीच.

रेल्वे गेली, जागा राहिली

या वाटा आल्या कोठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८७८-७९ च्या सुमारास चार्ल्स द फ्रेसिने हे फ्रान्सचे बांधकाममंत्री होते. देशाचा कोपरान् कोपरा रेल्वेने जोडावा, अशी योजना त्यांनी आखली. तिच्यातून हजारो किलोमीटरचे छोटे मार्ग झाले. गावोगावी स्टेशन आले. शेतकऱ्याचे धान्य, गुरे, लाकूड, दगड, सारे रेल्वेने जाऊ लागले. स्टेशनच्या समोर खाणावळ, लोहार, घोड्याचा नाल ठोकणारा, दाणाबाजार असा नवा मोहल्लाच उभा राहिला.

पण मोटारबस आणि ट्रक आले तशी या छोट्या मार्गांची कमाई घटली. १९३८ साली सर्व मोठ्या रेल्वे कंपन्या एकत्र करून राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली. त्या सुमारास पुष्कळ मार्गांवरच्या उतारू गाड्या बंद झाल्या. उरलेल्यांपैकी अनेक पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बंद पडल्या. आधी उतारू गाडी गेली, मग मालगाडी गेली, शेवटी रूळही उचलले गेले.

जागा मात्र राहिली, आणि ती कशी जागा होती ते पाहावे. रेल्वेला चढ चालत नाही. इंजिनाला झेपावे म्हणून अभियंत्यांनी डोंगर फोडून, भराव घालून, पूल आणि बोगदे बांधून मार्ग जवळजवळ सपाट ठेवला होता. शंभर मीटर गेल्यावर दोन-तीन मीटर चढ म्हणजे फार झाले. म्हाताऱ्या माणसाला किंवा आठ वर्षांच्या मुलालाही हा चढ सायकलवर जाणवत नाही. शिवाय मार्ग सलग होता, गावांना जोडणारा होता आणि सार्वजनिक मालकीचा होता. तुकड्या-तुकड्यांनी जमीन विकत घेण्याचा त्रास बऱ्याच प्रमाणात टळला.

त्यावर काम एवढेच. रूळ आणि स्लीपर काढायचे, खडी दाबून बसवायची, वर साधारण तीन मीटर रुंदीचा डांबराचा किंवा दाबलेल्या बारीक खडीचा थर द्यायचा आणि जेथे मोटाररस्ता आडवा येतो तेथे खांब रोवून मोटारीला मज्जाव करायचा. हे काम बहुधा जिल्ह्याची निर्वाचित परिषद करते आणि देखभालही तिच्याच अंगावर असते. १९९८ साली सरकारने सायकलमार्गांचा पहिला राष्ट्रीय आराखडा मंजूर केला, तेव्हापासून या कामाला जोर आला.

पहिली वाट : जिव्री ते क्लुनी

फ्रान्सची पहिली हिरवी वाट बर्गंडी प्रांतातील सोन-ए-ल्वार जिल्ह्यात १९९७ साली खुली झाली. जिव्री ते क्लुनी, लांबी ४४ किलोमीटर. पुढे ती दोन्ही बाजूंनी वाढली. आज शालाँ आणि माकाँ या दोन रेल्वे-स्टेशनच्या शहरांदरम्यान सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास सायकलवर करता येतो. एका शहरात रेल्वेतून उतरावे, मधल्या खेड्यात एक-दोन मुक्काम करावेत आणि दुसऱ्या शहरातून रेल्वेने परतावे, अशी तिची सोय आहे.

वाटेत ब्युसी, सँ-जाँगू, कॉर्मातँ अशी लहान गावे लागतात. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, कुरणे, पांढरी गुरे. क्लुनीच्या पुढे ब्वा-क्लेर नावाचा बोगदा लागतो. तो सुमारे १६०० मीटर लांब आहे. आत दिवे आहेत, पण उन्हाळ्यातही एवढी थंडी असते की अंगावर जाड कपडा घ्यावा लागतो. हिवाळ्यात हा बोगदा सायकलींना बंद असतो, कारण त्या काळात तेथे वटवाघुळे झोपी जातात. तेव्हा सायकलवाल्याला वरून खिंडीच्या वाटेने जावे लागते.

क्लुनी या गावाचे नाव आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. येथे ९१० साली ख्रिस्ती मठ स्थापन झाला आणि पुढे तो युरोपातल्या सर्वांत बलाढ्य मठांपैकी एक बनला. याच मठाचे प्रमुख पीटर यांनी बाराव्या शतकात कुरआनचे लॅटिन भाषांतर करवून घेतले. ते ११४३ साली स्पेनमध्ये पुरे झाले आणि लॅटिनमधले ते पहिले भाषांतर मानले जाते. हेतू खंडनाचा होता, हे खरे. पण युरोपच्या विद्वानांना अल्लाहच्या किताबाची पहिली ओळख झाली ती या गावच्या मठाधिपतीने दिलेल्या पैशातून. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि त्याचे दगड बांधकामासाठी काढून नेण्यात आले. आज थोडाच भाग उभा आहे. तो पाहण्यासाठी सायकलवाला थांबतो आणि थांबला की गावात जेवतो.

कातड्यांच्या बाजाराचे गाव

चामड्याच्या धंद्यातल्या आपल्या बंधूंना दुसरी एक वाट अधिक जवळची वाटेल. दक्षिण फ्रान्समध्ये माझामे ते बेदारियो अशी सुमारे ८० किलोमीटरची हिरवी वाट आहे. तीही जुन्या रेल्वेवर झाली. मधल्या बोगद्याच्या डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी एका बाजूला अटलांटिक महासागराकडे आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्राकडे जाते.

माझामे हे गाव एके काळी मेंढीच्या कातड्यांची जगातली मोठी पेठ होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे कातड्यावरची लोकर वेगळी करण्याचा धंदा वाढला. अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका येथून कातडी येत. ती नदीच्या स्वच्छ पाण्यात धुवायची, उबदार खोल्यांत टांगून लोकरीची मुळे सैल होऊ द्यायची, मग कारागिराने हाताने लोकर ओढून काढायची. लोकर कापडगिरण्यांना जाई आणि उरलेले कातडे टॅनरीवाल्यांना. मलाचा एकही भाग वाया जात नसे. नदीकाठी कारखान्यांची रांग उभी होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा ओसरला. कृत्रिम धागा आला, माल पिकवणाऱ्या देशांनी प्रक्रिया आपल्याच घरी सुरू केली आणि कारखाने बंद झाले. माल नाही तर मालगाडी नाही. रेल्वे गेली ती अशी. आज त्या मार्गावर सायकली धावतात. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. हजारो हातांना काम देणाऱ्या धंद्याची जागा सायकलवाट भरून काढू शकत नाही आणि तसा दावा कोणी करू नये. पण ज्या गावात काहीच उरले नव्हते तेथे दोन खानावळी, एक सायकल भाड्याने देणारा आणि पाच-सहा घरी मुक्कामाची सोय, एवढे उभे राहिले तरी ते थोडे नाही.

कालव्याचा काठ

रेल्वेइतकाच उपयोग जुन्या कालव्यांच्या काठांचा झाला. पूर्वी मालाची नाव घोडे ओढत आणि घोड्यांसाठी काठाने सपाट वाट असे. तीच आता सायकलीसाठी वापरतात. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा मिदी कालवा प्येर-पॉल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात बांधवून घेतला. लांबी सुमारे २४० किलोमीटर. १९९६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. तुलूझहून दुसऱ्या दिशेला, म्हणजे बोर्दोकडे, गारोन नदीच्या बाजूने १९३ किलोमीटरचा कालवा जातो.

हे दोन काठ तोलून पाहिले की व्यापाऱ्याला धडा मिळतो. गारोनच्या बाजूची वाट बहुतांशी डांबरी आहे, तेव्हा कुटुंबे निर्धास्त निघतात. मिदीचे नाव मोठे, पण तुलूझपासून पहिले सुमारे पन्नास किलोमीटर सोडले की पुढे पुष्कळ ठिकाणी काठ अरुंद, मुळांनी उचकटलेला आणि पावसात चिखलाचा आहे. त्यात झाडांवर रोग आला. या कालव्यावर सुमारे ४२,००० प्लेन वृक्षांची सावली होती. २००६ साली त्यांच्यावर बुरशीचा रोग आढळला आणि पुढे हजारो झाडे तोडून जाळावी लागली, नवी लावावी लागली. नुसत्या नावावर धंदा फार काळ चालत नाही; माल चांगला ठेवावा लागतो.

गिऱ्हाईक कोण आणि खर्च कशावर?

या वाटांवर सर्वांत जास्त माणसे आसपासचीच असतात. सकाळी फिरणारे वृद्ध, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, शाळकरी मुले. त्यांच्यामुळे वाट जिवंत राहते, पण त्यांच्याकडून दुकानाला थोडेच मिळते. खरा खर्च करणारा तो, जो सामान बांधून तीन दिवस, आठ दिवस निघाला आहे. २०२० साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असा सायकल-मुसाफीर दिवसाला सुमारे ६८ युरो खर्च करतो असे दिसले. सर्वसाधारण पर्यटकापेक्षा हा आकडा दहाहून अधिक युरोंनी जास्त आहे.

असे का व्हावे? सायकलवाला गरीब असतो, असा आपला समज आहे. पण हिशेब सोपा आहे. मोटारवाला सकाळी घरून डबा भरून निघतो, दिवसभरात तीनशे किलोमीटर जातो आणि पेट्रोलपंपावर पैसे देतो. सायकलवाला दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जातो. त्याच्या पिशवीत जास्त सामान मावत नाही, म्हणून त्याला पाव, फळ, चीज, पाणी रोज विकत घ्यावे लागते. पायडल मारून भूक लागते, म्हणून दोनदा खातो. दर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबतो. रात्री जेथे पोहोचेल तेथे झोपतो, मग ते गाव कितीही लहान असो. मोटारवाल्याला जे गाव दिसतही नाही, तेथे सायकलवाला मुक्काम करतो. या सगळ्या धंद्याचे मर्म एवढेच आहे. गिऱ्हाईक सावकाश जाते म्हणून लहान दुकानदाराच्या वाट्याला येते.

फायदा कोणाला मिळाला?

वाट झाली म्हणजे रोजी आपोआप आली असे मात्र झाले नाही. ज्याने मुसाफिराची गरज ओळखून दुकानाची मांडणी बदलली त्याला फायदा झाला. बाकीच्यांनी सायकली दारावरून जाताना मोजल्या.

यासाठी फ्रान्समध्ये ‘आकय व्हेलो’ नावाची देशव्यापी पाटी आहे. अर्थ असा की येथे सायकलचे स्वागत आहे. ही पाटी मुक्कामाची घरे, खानावळी, सायकल भाड्याने देणारे आणि दुरुस्त करणारे, प्रेक्षणीय स्थळे आणि पर्यटन कचेऱ्या यांना मिळते. अट अशी की जागा सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत हवी. मुक्कामाच्या घरी सायकल ठेवायला कुलूपबंद जागा हवी, पंप आणि दुरुस्तीची हत्यारे हवीत, सकाळची न्याहारी पायडल मारणाऱ्याला पुरेल अशी हवी, पुढच्या वाटेची माहिती सांगता आली पाहिजे आणि कपडे धुण्याची किंवा सामान पुढच्या गावी पोहोचवण्याची सोय करून देता आली पाहिजे.

या यादीत फार मोठ्या भांडवलाची बाब कोणती? एकही नाही. एक मोकळी खोली, एक कुलूप, एक पंप, चार पाने आणि चांगला स्वभाव. फ्रान्समध्ये घरगुती मुक्कामाचा ‘शाँब्र दोत’ म्हणून प्रकार आहे. कायद्याने त्यात जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे ठेवता येतात आणि न्याहारी भाड्यातच धरलेली असते. मोठ्या भांडवलवाल्याला या मर्यादेत रस नाही, म्हणून हा धंदा शेतकऱ्याच्या, विधवा बाईच्या, निवृत्त मास्तरांच्या हाती राहिला. जुन्या रेल्वेफाटकाजवळची गेटमनची लहान घरे आणि कालव्याच्या दरवाजांवरच्या राखणदारांची घरे यांपैकी काहींत आता चहा-कॉफीची दुकाने आणि मुक्कामाच्या खोल्या झाल्या आहेत.

सामान पोहोचवणे हा आणखी एक धंदा. मुसाफीर सकाळी आपली पेटी मुक्कामाच्या घरी ठेवून हलक्या सायकलवर निघतो आणि एक व्हॅनवाला ती पेटी संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी पोहोचवतो. एक व्हॅन, एक माणूस, ठरलेला मार्ग. वेळ आणि जबान पाळली तर गिऱ्हाईक तुटत नाही.

कारागिराचा वाटा

सायकलच्या मिस्त्रीला या वाटांनी जो मान दिला तो पाहण्यासारखा आहे. पाठीमागे वीस किलो सामान लादलेली सायकल आठ दिवस चालते तेव्हा तारा तुटतात, रिममध्ये आउट येतो, ब्रेकचे रबर झिजते, चेन लांबते. बॅटरीच्या सायकली वाढल्यापासून तर वजन आणखी वाढले आणि वायरिंगचेही काम आले. पावसात अडकलेल्या माणसाला अर्ध्या तासात चाक सरळ करून देणारा मिस्त्री फरिश्त्यासारखा वाटतो, आणि तो योग्य दामही देतो.

फ्रान्समध्ये ही परंपरा जुनी आहे. पॉल द व्हिव्ही हे मूळचे रेशमाचे व्यापारी. १८८७ साली त्यांनी रेशमाचा धंदा सोडून सँ-तेतिएन या कारागिरांच्या शहरात सायकलचे दुकान काढले आणि सायकल-प्रवासाचे मासिक सुरू केले. गिअर बदलणारी सायकल लोकप्रिय व्हावी म्हणून ते आयुष्यभर झटले. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते प्रसिद्ध झाले. सायकल-मुसाफिरांना ते सांगत की भूक लागण्यापूर्वी खा, तहान लागण्यापूर्वी प्या, दारू, मांस आणि तंबाखू प्रवासात तरी टाळा, आणि नुसत्या दिमाखासाठी पायडल मारू नका. १९३६ साली फ्रान्सच्या कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा हजारो जोडपी दोन सीटच्या सायकलींवर गावाबाहेर पडली. सायकल-सहलीचा धंदा वाढला तो तेव्हापासून.

त्याच काळात पॅरिसमध्ये आणि आसपास असे कारागीर पुढे आले, जे गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेऊन सायकलची फ्रेम, कॅरिअर, मडगार्ड सारे एकत्र घडवीत. अलेक्स सिंगर आणि रने एर्स ही त्यांतली मोठी नावे. चामड्याच्या कारागिरांसाठी आणखी एक दाखला. माकाँच्या उत्तरेला फ्लरव्हील या लहान गावी जील बेर्तू या नावाने कॅनव्हास आणि चामड्याच्या सायकल-पिशव्या व चामड्याच्या सीट तयार होतात. प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्यांनी बाजार भरलेला असताना हा माल टिकला. कारण पिशवी फाटली तर शिवता येते, पट्टा तुटला तर बदलता येतो. दुरुस्त होणारा माल हा कारागिराचा खरा माल आहे. सायकलवाटेवर त्याची कदर होते, कारण तेथे मोडलेली वस्तू फेकून नवी घ्यायला दुकान जवळ नसते.

उणी बाजू

कोणत्याही धंद्याची उणी बाजू सांगितल्याशिवाय माहिती पुरी होत नाही. पहिली गोष्ट, हंगाम लहान आहे. एप्रिल ते ऑक्टोबर, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी. उरलेले महिने दुसरा धंदा हाताशी हवा. जे दुकानदार फक्त सायकलवाल्यांवर विसंबले त्यांना हिवाळा जड जातो.

दुसरी, सर्व गावांना सारखा वाटा मिळत नाही. ज्या गावात थांबण्याजोगे काही आहे, बाजार आहे, सावली आणि पाण्याचा नळ आहे, तेथे सायकल थांबते. मधली गावे पाहतच राहतात. जुने स्टेशन गावापासून एक-दोन किलोमीटर दूर असेल तर वाटेवर दुकानाकडे नेणारी पाटी नसल्याने गिऱ्हाईक पुढे निघून जाते. एक पाटी लावण्याचा आळस किती महाग पडतो, ते येथे दिसते.

तिसरी, देखभालीचा खर्च कायमचा आहे. झाडांची मुळे डांबर फोडतात, पुलांची डागडुजी करावी लागते, बोगद्यांत पाणी झिरपते. हा खर्च जिल्ह्याच्या तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशातून होतो. सायकलवाल्याकडून टोल घेत नाहीत. म्हणून परिषदेला गावकऱ्यांना वारंवार पटवावे लागते की हा पैसा दुकानांच्या आणि मुक्कामांच्या रूपाने परत येत आहे.

आपल्यापैकी कोणी गेला तर

आपले काही बंधू व्यापारासाठी किंवा नातेवाइकांकडे युरोपात जात असतात. त्यांच्यापैकी कोणाला चार दिवस या वाटांवर काढायचे असतील तर काही गोष्टी सांगून ठेवतो.

हलाल मांस मोठ्या शहरांत मिळते. फ्रान्समध्ये मुस्लिमांची संख्या मोठी आहे. पॅरिसची जामा मशीद १९२६ सालची आहे. १९९० च्या दशकात सरकारने पॅरिस, लिओं आणि एव्हरी येथील तीन मशिदींना हलाल जबिहा करणाऱ्यांना परवाने देण्याचा अधिकार दिला. पण खेड्यात हलाल कसाई सापडणे कठीण. तेव्हा अंडी, मासे, भाजी, फळे आणि पाव यांवर भागवावे. बर्गंडीत पुष्कळ रस्से दारूत शिजवतात आणि भाजीतही डुकराच्या चरबीचे तुकडे टाकण्याची चाल आहे. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी नम्रपणे विचारावे. द्राक्षमळ्यांच्या त्या भागात मोठा व्यापार दारूचा आहे आणि तो आपल्याला वर्ज्य आहे. मात्र मुक्काम, न्याहारी, दुरुस्ती, सामान पोहोचवणे या वर सांगितलेल्या सेवा चालवायला दारू विकावीच लागते असे नाही.

किब्ला तेथून आग्नेय दिशेला आहे. जून महिन्यात मगरीब रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास होते आणि इशाला मध्यरात्र जवळ येते, तेव्हा दिवसाची मजल बेतानेच ठरवावी. मुसाफिराला कस्रची सवलत आहेच. वुजूसाठी विसाव्याच्या जागी नळ असतात, पण पिण्याआधी पाटी पाहावी. काही नळांचे पाणी पिण्याचे नसते. दुकाने दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर बंद आणि पुष्कळ ठिकाणी सोमवारीही बंद असतात. पाव आदल्या दिवशी घेऊन ठेवावा. प्रांतिक रेल्वेत सायकल नेता येते, काही गाड्यांत हंगामात आधी जागा राखावी लागते.

आपण काय घ्यावे?

फ्रान्सची जमीन वेगळी, हवा वेगळी, सरकारचा पैसा वेगळा. तेथली वाट उचलून येथे आणता येणार नाही. पण हिशेब मात्र कोणत्याही बाजारात लागू पडतो. गिऱ्हाइकाला भीतीशिवाय येता आले पाहिजे. तो सावकाश आला तर थांबतो. थांबला तर त्याला पाणी, सावली, बसायला जागा आणि खरी माहिती हवी असते. एवढे ज्याने दिले त्याच्याकडे तो परत येतो आणि दुसऱ्यालाही पाठवतो.

मुसाफिराची खिदमत हे आपल्या दीनमध्ये सवाबाचे काम आहे. जकातीच्या हकदारांतही मुसाफिराला स्थान आहे. ज्या समाजाला ही शिकवण चौदाशे वर्षांपासून मिळाली आहे, त्याच्या दुकानदाराला ‘पंप ठेवा, पाणी ठेवा, वाट सांगा’ हे फ्रान्सच्या पाटीवरून शिकावे लागू नये. आपल्याकडे सायकल दुरुस्तीच्या, भाड्याने सायकल देण्याच्या आणि खानावळीच्या धंद्यांत आपले कितीतरी बंधू पिढ्यान् पिढ्या आहेत. हत्यार त्यांच्या हातात आहे, कसब आहे. दारात आलेल्या प्रवाशाला दोन मिनिटे जास्त देण्याची, दर आधी सांगण्याची आणि सांगितलेला दर पाळण्याची सवय त्यात मिळवली, तर इन्शाअल्लाह त्या धंद्यात बरकतच होईल.